फूल केवढं असावं

तमाम पुरुषवर्गास अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, समारंभात लावायचं रिबिनीचं फूल छातीच्या डाव्या बाजूलाच असावं, शेला उजव्या खांद्यावरून डाव्या कमरेकडे यावा, आणि फूल जेवढं मोठं तेवढा माणूस मोठा. अध्यक्षांचं फूल बशीएवढं, खाली दोन शेपट्या, कार्यकर्त्यांचं बटणाएवढं. दिल्लीतल्या आमच्या गणेशोत्सवात या नियमावरून माणसं वर्ष वर्ष अबोला धरतात. मी स्वतः बशी गटातला.

तरीही भाचीच्या लग्नात मी लहान फूल लावलं, कारण ताईची आज्ञा. "उद्घाटनाला नाही चाललास," ती म्हणाली.

भाचीचं सासर पंजाबी. त्यांच्यात वरात दाराशी आली की मिलनी होते. मुलाचे वडील मुलीच्या वडिलांना हार घालतात, मिठी मारतात, जमलं तर उचलतातही. मग काका काकांना, मामा मामांना. पण आमचे भावोजी आदल्या वर्षीच गेले होते. वडिलांचा पुकारा होणार आणि समोर मोकळी जागा दिसणार, या एका क्षणाची ताईला धास्ती होती. तिने सगळ्यांना बजावलं होतं, आज त्यांचा विषय कोणी काढायचा नाही. मी एकदा रडायला लागले तर थांबणार नाही, म्हणाली.

म्हणून वडिलांच्या जागी मी उभा राहणार होतो. व्याह्यांनी मला कधी पाहिलेलं नव्हतं, तेव्हा ताईने त्यांना फोनवर खूण सांगितली. डोक्याला फेटा, आडवा शेला, छातीवर फूल.

मानेसरजवळच्या हॉलच्या दाराशी आम्ही उभे होतो. ढोल, घोडी, नाचणारी मंडळी. सगळ्यांत पुढे व्याही, त्यांचा चष्मा नाचापायी खिशात गेलेला. पंडितजींनी पुकारा केला. ताईने माझी बाही घट्ट धरली. मी पुढे झालो, दोन्ही हात पसरले, चेहऱ्यावर वधुपित्याला शोभेल असा भाव आणला.

व्याही माझ्या शेजारून निघून गेले.

दारात हॉलचा दरबान उभा होता. फेटा माझ्याहून उंच, शेला जरीचा, मिशा थेट राजघराण्यातल्या, आणि छातीवरचं फूल म्हणजे बशी कसली, ताट होतं ताट. नियमाप्रमाणे व्याह्यांचं काहीच चुकलं नाही. त्यांनी त्याला हार घातला, मिठी मारली आणि उचललं. हवेतसुद्धा दरबानाचा सलाम सुटला नाही.

"बाबूजी, मैं तो हॉल का हूँ," तो वरूनच नम्रपणे म्हणाला.

ढोल थांबला. आता मानापमान सुरू होणार, असं मला वाटलं. व्याह्यांनी त्याला अलगद खाली ठेवलं, चष्मा लावला, आधी त्याला नीट पाहिलं, मग मला. "कोई बात नहीं," ते म्हणाले, "आज ये भी घर का है." हार त्याच्याच गळ्यात राहू दिला, माझ्यासाठी दुसरा मागवला आणि मला उचलायचा प्रामाणिक प्रयत्न केला. माझं वजन चांगलं खात्यापित्या घरातलं. ते काही जमलं नाही. पण त्या भल्या माणसाचे आणि त्याच्या अधू नजरेचे उपकार मी आजही मानतो.

कारण मागे ताई हसत होती. पदर तोंडाशी धरून, कमरेत वाकून. भावोजी गेल्यापासून तिला असं हसताना मी पाहिलं नव्हतं. आणि सगळ्या वरातीसमोर, स्वतःच घातलेली बंदी विसरून, ती मोठ्याने बोलून गेली, "अरे, ह्यांनी हे बघायला हवं होतं!"