पुसलेला ठिपका

हे आजवर माझ्या तोंडून निघालेलं नाही — घरधन्यापुढे नाही, देवापुढेसुद्धा नाही. तुम्ही जवळ बसल्यासारखे वाटता, म्हणून लिहिते.

लोणावळ्याच्या एका दवाखान्यात मी आया होते. कोयनेच्या भूकंपानंतरचा दसरा. श्वास अडकलेल्या माणसाला हातानं दाबून हवा द्यायचे दोन रबरी फुगे होते आमच्याकडे, दिसायला जुळे. एकाची झडप चिकटते — हवा आत जाते, बाहेर येत नाही — असं कंपनीचं पत्र आलं. वापरू नका, आमचा माणूस येऊन परत नेईल. सिस्टरनी इंग्रजी नंबर ताडून पाहिला, त्या फुग्यावर लाल औषधाचा ठिपका दिला नि तो खालच्या खणात ठेवला.

खंडेनवमीला मी कपाटातलं सगळं पूजेला मांडलं. कात्र्या, चिमटे, दोन्ही फुगे. हळदकुंकू वाहिलं. दुसऱ्या दिवशी स्पिरिटच्या बोळ्यानं लख्ख पुसलं — आणि हातात दोन सारखे फुगे. आता कुठला कुठला? नंबर मला वाचता येत नव्हता. सिस्टर चार पावलांवर होत्या. गेले का मी? नाही. चुकलं की लय टाकून बोलायच्या त्या. एक वर ठेवला, एक खाली.

चार दिवसांनी कार्ल्याकडचा एक तरणा शेतकरी आणला, विहिरीतून काढलेला. डॉक्टर इंजेक्शन भरत होते. फुगा दाबायला गोमा — ठाकरवाडीचा, आमच्या वॉर्डातला हमाल. त्यानं वरच्या खणातला घेतला. छाती वर आली ती खाली बसेचना.

"मावशी, ह्यो सुटंना," तो म्हणाला.

मला कळलं. तरी मी — उभीच. त्या माणसाची मान फुगली, नाकातून रक्ताचा फेस आला, आणि तो गेला.

त्याचे भाऊ आत घुसले. सलाइनचा लोखंडी स्टँड उचलून गोमाच्या पाठीत, डोक्यात घातला. मग हात फरशीवर दाबून बोटांवर. ओली काटकी मोडते ना, तसा आवाज. थोरल्यानं मला विचारलं, "मावशी, तुमी हितंच हुता. ह्यानं नीट दाबला का?"

"न्हाई. ध्यान नव्हतं त्याचं."

मग त्यांनी दुसरा हात धरला.

भ्याले म्हणून बोलले, असं कसं म्हणू? ते माझ्याकडं वळले नाहीत याचं मला बरं वाटलं होतं. गोमानं एकदा पाहिलं माझ्याकडं. वाडीवर गेला तो परत आला नाही.

आठवड्यानं कंपनीचा माणूस आला. सिस्टर ठिपका शोधत होत्या. मीच पुढं झाले आणि तो फुगा त्याच्या खोक्यात ठेवला. ओळखायला मला ठिपका लागला नाही.