एकशे बारा पोरं, नऊ सुया

सरकारी दवाखान्यात पेशंट येतात, बरे होतात, घरी जातात. किस्से मात्र तिथंच ॲडमिट राहतात! त्यांना कुणी डिस्चार्ज देत नाही. मी उभी नोकरी ड्रेसर म्हणून काढली. म्हणजे जखमा धुणं, पट्ट्या बांधणं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याची फिरकी घेणं. यातलं तिसरं काम ऑर्डरीत लिहिलेलं नव्हतं, पण तेच मी सगळ्यात मन लावून केलं. शिक्षण म्हणाल तर सातवी, तीही मास्तरांनी कंटाळून पास केलेली. तेव्हा लिहिण्यात मागंपुढं झालं तर सांभाळून घ्या.

किस्से चाकूरच्या अलीकडच्या आमच्या गावचे. लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता आणि त्याच सुमाराला पाऊस रुसला होता. विहिरीत नुसते दगड दिसायचे. आपण नक्की कुठल्या जिल्ह्यात, हे गावात कुणालाच धड सांगता येईना.

दवाखान्यात माणसं तीन. कंपाउंडर महादप्पा, कपाळाला भस्म, गळ्यात लिंग, सरकारी सुई बायकोच्या दागिन्यासारखी जपणारा. सिस्टर शकुंतला, किनवटकडची, हसायला लई महाग. आणि मी. डॉक्टरसाहेबांकडं दोन दवाखान्यांचा चार्ज होता. ते कायम दुसऱ्या दवाखान्यात असायचे. एकदा मी त्या दुसऱ्या दवाखान्यात गेलो, तर तिथले लोक म्हणाले, "ते तर तुमच्याकडंच असतात की!"

*

गावात टँकर सुरू झाला तसं वरून फर्मान आलं: शाळेतल्या सगळ्या पोरांना पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, लस टोचा.

शाळेत पोरं एकशे बारा. त्यात माझी लेक कमल, तिसरीत. आणि आमच्याकडं सुया नऊ! तेव्हा काचेची सिरिंज, स्टीलची सुई. टोचायची, धुवायची, उकळायची, परत टोचायची. वापरून फेकायची सुई असते हे आम्ही ऐकलंसुद्धा नव्हतं.

महादप्पानं सुयांसाठी कागद केला आणि मला पिटाळलं. जुन्या जिल्ह्याच्या हापिसात गेलो. तिथला बाबू म्हणाला, "तुम्ही आता नव्या जिल्ह्यात गेलात." एस.टी. पकडून नव्या जिल्ह्याला आलो. तिथं सामान नुकतंच उतरलं होतं, खुर्च्यांची सुतळीसुद्धा सोडलेली नव्हती. बाबू एका पेटीवर बसून म्हणाला, "तुमच्या गावाचे कागद अजून आले न्हाईत. कागद आल्याशिवाय गाव आलं असं धरता येत न्हाई."

मी म्हणालो, "साहेब, गाव आलंच न्हाई, तर हा मी कुठून आलो?"

त्यानं मला वरून खालपर्यंत बघितलं आणि बिचारा खरंच विचारात पडला!

हात हलवत परत आलो. महादप्पानं विचारलं, "मग आपण आता कुठले?"

"सध्या तरी एस.टी.तले!"

*

सुया जुन्या, बोथट झालेल्या. महादप्पा दुपारी उंबऱ्यात बसून त्यांना दगडावर धार लावायचा. शेजारी गावचा न्हावी वस्तरा घेऊन बसायचा. दगड एक, गिऱ्हाईकं दोन! सिस्टर समोर असली की महादप्पा सुया उकळायचा. ती कुणाचं बाळंतपण करायला वस्तीवर गेली की स्पिरिटचा बोळा फिरवायचा आणि पुढच्याला टोचायचा. "रॉकेल कुठाय? पाणी कुठाय? स्पिरिटनं जंतू मरतात की!" असं म्हणायचा. मलाही ते पटायचं. सातवीच्या पुस्तकात जंतूंचा धडा होता, पण त्या दिवशी मी शाळेला दांडी मारली होती.

एकदा गावचा पैलवान आला, तापानं फणफणलेला. मांडी केवढी, म्हशीच्या मानेएवढी! महादप्पानं सुई उचलली. पैलवानानं मला हळूच विचारलं, "मामा, ही सुई आधी कुणाला टोचली का?"

मी गंभीर तोंड केलं. "फक्त चौघांना. त्यातले तिघं एकदम ठणठणीत हायत."

पैलवान उठला आणि जो सुटला! त्याच्या चपला दोन दिवस दवाखान्यात होत्या.

मी पोट धरून हसलो. सिस्टर आली, तिला सांगितलं. ती हसली नाही. तिनं विचारलं, "चौथा कोण?"

मी म्हणालो, "अहो, गंमत केली." तरी तिनं ती सुई उचलली आणि उकळत ठेवली. मला कळेना, यात काय चुकलं!

*

ते कळलं लोह्याकडं गेल्यावर. तिथल्या एका वस्तीवर माझी बहीण दिलेली. तिकडं एक सायकलवाला डॉक्टर फिरायचा. डिग्री कसली ते कुणी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही. सुई एकच, ती शर्टाच्या खिशाला पेनासारखी लावलेली! ताप आला, सुई. कंबर दुखली, सुई. आपल्या लोकांनाही गोळी दिली की डॉक्टर कच्चा वाटतो, आणि सुई मारली की पक्का.

शिमग्याला गेलो. दाजींना जयभीम घातला, त्यांनी मान वर केली, तर डोळे हळदीसारखे पिवळे! शेजारचा दगडू पिवळा. पलीकडच्या घरातली सासू-सून दोघी पिवळ्या. मला वाटलं टँकरचं पाणी बाधलं. कुणी म्हणालं उन्हाचा कडाका. कुणी म्हणालं देवीचा कोप. एक म्हातारा म्हणाला, नवा जिल्हा झाला तेव्हापासूनच हे सुरू झालंय!

गावी येऊन सिस्टरला सांगितलं. रविवारी ती स्वतः एस.टी.नं वस्तीवर गेली. मी बरोबर. घरोघर एकच विचारायची, "दिवाळीच्या आसपास सुई घेतली होती का?" जे पिवळे होते ते सगळे "हाव" म्हणाले.

मी म्हणालो, "सिस्टर, दिवाळी कुठं अन शिमगा कुठं!"

"ही कावीळ अशीच असते मामा. रक्तातून जाते, सुईच्या टोकावर बसून. चार-पाच महिने गप राहते, मग वर येते. पाणी तर सगळ्या वस्तीनं पिलं. पिवळे झाले ते फक्त त्याची सुई घेतलेले."

दाजी वाचले. दगडू वाचला नाही.

त्यानंतर बरेच दिवस मी कुणाची फिरकी घेतली नाही. महादप्पाला वाटलं मलाच कावीळ झाली.

*

सिस्टरनं नियम काढला: एक अंग, एक सुई. दुसऱ्या अंगाला लावायच्या आधी वीस मिनिटं उकळायची. महादप्पानं धारेचा दगड न्हाव्याला देऊन टाकला, पण तोंड असं केलं जणू लेक सासरी चालली.

गावात मात्र गलका झाला. एक घागर पाण्यासाठी बाया टँकरवर एकमेकींच्या झिंज्या धरत होत्या, आणि दवाखान्यात स्टोवर पाणी नुसतं खदखदत होतं! गऊआजी तणतणत आली. गऊआजी म्हणजे गावची बिनपगारी फौजदार. म्हणाली, "काय गं पोरी, माणसाला प्यायला न्हाई अन तू सुयांला अंघोळी घालायलीस?"

सिस्टरनं तिला स्टूल दिलं. दाजींच्या वस्तीचं सगळं सांगितलं. आजी ऐकत राहिली. मग एकच विचारलं, "ईस मिंटं म्हंजी किती?"

आता आली का पंचाईत! आजीला घड्याळ कळेना आणि दवाखान्याचं घड्याळ बंद. शेवटी आजीनं स्वतःच हिशोब बसवला. ती जात्यावरच्या ओव्या म्हणत बसली, सिस्टर मनगटावरच्या घड्याळात बघत बसली. ठरलं ते असं: "धा ओव्या म्हंजी ईस मिंटं. सावकाश म्हणायच्या, पळवायच्या न्हाईत."

तेव्हापासून दवाखान्यात सुया उकळत असल्या की महादप्पा ओव्या म्हणायचा. लिंगायताचा आवाज, भजनाची चाल, आणि ओवी सासुरवाशिणीची! पेशंट बाहेरूनच विचारायचे, "आत कुणाचं लग्न हाय का?"

*

टोचणीचा सोमवार जवळ आला. सिस्टरनं वर लिहून कळवलं, नऊ सुया उकळून उकळून टोचायच्या तर अख्खा दिवस जाईल. एक तर सुया द्या, नाहीतर वेळ द्या.

उत्तरं दोन आली! जुन्या जिल्ह्याचं आलं: "आपला विषय आमच्याकडे नाही." नव्या जिल्ह्याच्या साहेबांचं आलं: "त्या दिवशी तीन गावं आहेत. आपल्या गावाला एक तास. स्पिरिटने सुई पुसून काम उरकावे. कसूर झाल्यास सस्पेंड करण्यात येईल."

महादप्पा दोन्ही कागद दोन हातांत धरून उभा. "आता यातलं कुठलं पाळायचं?"

मी म्हणालो, "पहिलं पाळा. त्यात काहीच करायचं न्हाई!"

सिस्टर मात्र परत सुया मोजत होती. तिच्या पगारावर किनवटला दोन भाऊ होस्टेलात शिकत होते, हे आम्हाला माहीत होतं. मी म्हणालो, "सिस्टर, एक दिवस डोळे झाका. पुसा अन टोचा. नोकरी राहील."

तिनं विचारलं, "शंभरावा नंबर तुमच्या कमलचा आला तर? मामा, तुम्ही सांगा, कितव्या पोरापर्यंत पुसून चालेल?"

मी बोटांवर मोजायला लागलो. पहिल्या बोटाच्या पुढं जाताच येईना.

*

आता शेवटचा. हा मी सगळ्यांना सांगतो, आणि दर वेळी माझाच गोंधळ होतो की यात हसायचं कुठं.

रविवारी टँकरवर बायांनी मला गाठलं. "मामा, उद्या पोरांना टोचणार का न्हाई?" मी आधीच वैतागलेलो. तोंडाला खाज, म्हणून बोलून गेलो, "सरकारकडं सुया न्हाईत बायांनो. ज्यानं त्यानं घरची आणा!" आणि हसत निघून आलो.

सोमवारी शाळेच्या पटांगणात गेलो तर एकशे बारा पोरं ओळीत उभी, आणि प्रत्येकाच्या हातात काहीतरी. कुणाकडं चिंधी, कुणाकडं काडेपेटी, कुणाकडं बाभळीच्या डिंकानं चिकटवलेली कागदाची पुडी. कमलची पुडी उघडून बघितली. आत आमच्या घरातली गोधडी शिवायची सुई! एका पोराकडं पोती शिवायचा दाभण होता. त्याच्या पुढं-मागं कुणी उभंच राहीना!

मी कमलला विचारलं, "हे कुणी सांगितलं?"

"तुम्हीच की!"

तेवढ्यात जीप आली. साहेब उतरले. सिस्टर स्टो पेटवून तयार, भांड्यात नऊ सुया. साहेब म्हणाले, "अजून सुरुवात नाही?"

"उकळून टोचते साहेब. नऊ-नऊ पोरं घेते. संध्याकाळ होईल."

"एक तास म्हणून कळवलं होतं ना? पुसा आणि टोचा!"

"पुसून न्हाई टोचणार साहेब. सस्पेंडचा कागद द्यायचा तर देऊन टाका."

साहेबांनी खिशातून कागद काढला. रागाच्या भरात हात असा झटकला की बाहीचं मनगटाजवळचं बटन तुटून धुळीत पडलं. मला वाटलं, आता काहीतरी बोलावं, काहीतरी विनोद करावा. एकही सुचेना!

गऊआजी पुढं आली. "साहेब, पोरीवर वरडू नगा. सुया आम्ही आणल्यात. पोरांनो, दावा रे!"

पुड्या सुटल्या, एकशे बारा हात वर झाले. उन्हात सगळं चमकलं.

साहेबांनी एक सुई घेतली, फिरवून बघितली. "आजी, ही कपडे शिवायची सुई. हिला आत भोक नाही. हिच्यातून लस कशी जाईल?"

"ते आम्हाला कळत न्हाई. एका अंगाला एक सुई लागती, ते कळतं. आम्ही आमच्या प्यायच्या पाण्यातलं पाणी घालून, धा ओव्या म्हणून, घरोघर उकळून आणल्या. भोकाच्या तुमच्याकडं असत्याल, तर त्या तुम्ही आणा."

साहेब सिस्टरकडं बघायला लागले. सिस्टर पोरांकडं. पोरांचे हात वरच. कुणी 'खाली करा' म्हणालंच नव्हतं.

शेवटी साहेब ड्रायव्हरला म्हणाले, "लातूरला जा. हापिसातल्या पेट्या फोड. सुया, सिरिंजा, सापडतील तेवढ्या घेऊन ये." मग हातातल्या कागदाकडं बघितलं आणि मला विचारलं, "पुढच्या दोन गावांचं काय करू?" मला! सातवी पास ड्रेसरला! मी म्हणालो, "साहेब, तिथल्या बायांना निरोप धाडू का?"

"नको, नको!" साहेब घाईनं म्हणाले. त्यांनी कागदाची घडी घातली, परत खिशात ठेवली आणि लिंबाखाली पोरांच्या बाकावर जाऊन बसले.

जीप यायला वेळ होता. गऊआजीनं धुळीतलं बटन शोधून काढलं, नातवाच्या हातातली सुई घेतली, दोरा ओवला आणि साहेबांचं मनगट धरलं. साहेबांनी हात आखडला.

"आजी, राहू द्या. टोचेल."

आजी म्हणाली, "टोचली तरी भेव न्हाई साहेब. उकळल्याली हाय!"