साधा स्नॅप

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काय केलं, तर समैस्माच्या किनाऱ्यावर बसून घावणे खाल्ले. शुक्रवारची सकाळ होती. घावणे तिने घरून करून आणले होते, बरोबर सुक्या जवळ्याची चटणी. वाऱ्याने तिची ओढणी गळ्यात उतरली होती. कवळी काढून रुमालात ठेवली होती. मी काहीतरी बोललो आणि ती तोंड उघडून हसली. काय बोललो ते आठवत नाही. त्याच दिवशी संध्याकाळी, मगरिबच्या नमाजाआधी ती गेली. पाणी प्यायला उठली आणि स्वयंपाकघरात खाली बसली, ती उठलीच नाही.

मी चौथी शिकलेला. हयात इथे आखातात ट्रक चालवण्यात गेली. फोटो म्हटला की मला स्टुडिओ माहीत. मागे पांढरा पडदा, कान दिसले पाहिजेत, हसायचं नाही. तिचे असे सहा फोटो घरात आहेत, व्हिसासाठी काढलेले. सगळ्यांत ती चोरी करताना सापडल्यासारखी बघते.

स्नॅप हा शब्द सुनेने आणला. मी विचारलं, हे काय नवीन? सून म्हणाली, "अब्बा, फोटोला सांगून बसवतात. स्नॅप असाच, कोण जसा असेल तसा."

"न सांगता घेतात त्याला आमच्याकडे चोरी म्हणतात," मी म्हणालो.

बायकोला मात्र शब्द आवडला. बांगडा तळला की स्नॅप, नातीने फरशीवर रंग सांडला की स्नॅप, गावच्या बहिणीला रोज चार स्नॅप. तिचा स्वतःचा कोणी काढायचा नाही, ही माझी ताकीद होती. ग्रुपात जावई असतात, दीर असतात, त्यांच्या मोबाईलमधून पुढे कुठे जातो कोणाला ठाऊक. सुनेच्या मोबाईलवरही माझं लक्ष असायचं.

तर त्या सकाळी किनाऱ्यावर समोर एक तिशीतलं जोडपं होतं. बाई पाण्यात उभी, नवरा तिच्यापुढे आणखी आत, मोबाईल किनाऱ्याकडे धरून. बाईच्या बरोबर मागे माझी बायको. मी उठलो आणि हिंदीत विचारलं, काय काढतोस? तो मराठीत आपल्या बायकोला म्हणाला, "थांब गं, काका चिडलेत." मराठी निघाला म्हणून माझा संशय वाढला. आपल्या माणसाने काढलेला फोटो फिरत फिरत आपल्याच ओळखीत येतो.

"काका, साधा स्नॅप आहे. हिचा काढत होतो."

"दाखव."

त्याने दाखवला. त्याची बायको कडेला, मधोमध माझी. केस उडालेले, तोंडात दात नाही.

"काढून टाक."

"मी कापतो ना तेवढा भाग."

"पोलिसांना बोलावू? न विचारता बाईमाणसाचा फोटो काढला तर इथे काय होतं, माहीत आहे ना?"

मागून माझी बायको ओरडली, "अहो, आधी मला दाखवा! कशी आलेय बघू दे."

"कशी येणार? नुसतं बोळकं दिसतंय."

"मग घाबरता कशाला? बोळकं कोण चोरतंय?"

ती पाण्यातली बाई हसली आणि माझं डोकं आणखी फिरलं. त्याने माझ्यासमोर बोट दाबलं. खलास. मोबाईल तिच्या हातात गेलाच नाही.

परतताना गाडीत ती एवढंच म्हणाली, "तुम्ही ट्रक सोडलात, पण मागचा आरसा काही सुटला नाही."

रात्री इस्पितळातून आल्यावर मुलाने तिचा मोबाईल उघडला. बांगडे, भांडी, नातीचे पाय, खिडकीत बसलेला मी, तोही पाठमोरा. ती कशातच नाही. मी किनाऱ्यावरची गोष्ट सांगितली. मुलगा म्हणाला, "अब्बा, डिलीट केलेलं बऱ्याच मोबाईलमध्ये महिनाभर पडून असतं." किनाऱ्यावरच्या त्या पोराचं नाव मी विचारलं नव्हतं, नंबरही नाही. सगळे खोटं बोलतात असं धरून मी जगलो. आता वाटत होतं, त्या एकाने तरी मला फसवलेलं असावं. नुसतंच बोट फिरवलं असावं.

दुसऱ्या दिवशी दफन दुपारी, जोहरच्या नमाजानंतर होतं. मुलगा सकाळीच कागदपत्रांसाठी बाहेर पडला. मी चावी घेतली आणि समैस्माला गेलो. शनिवारची सुट्टी, तो आला तर येईल. किनाऱ्यावर तीन कुटुंबं होती. प्रत्येकाकडे जाऊन हिंदीत विचारलं, काल इथे एक मराठी जोडपं होतं, तुमच्या ओळखीचं आहे का? त्यांच्याकडे एक फोटो आहे, मला पाहिजे.

दोघांनी नाही म्हणून मान हलवली. तिसऱ्याने आपली मुलगी मागे घेतली, मोबाईल खिशात टाकला.

"किसका फोटो?"

"मेरी बीवी का."

"तो बीवी से पूछो ना."

मी पुढे सरकलो. मुलाचा फोन आला. "अब्बा, कुठे आहात? अम्मीला गुस्लची आंघोळ घालायला बायका आल्यात. तुमची वाट बघतोय सगळे."

"येतो," म्हणालो, आणि नुकतीच एक गाडी येऊन थांबली होती, तिच्याकडे चालू लागलो.