वरच्या फळीवरची बरणी

संत्र्यात गर असतो तो केवळ सालीला आकार यावा म्हणून, असं मनापासून मानणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला: क्लेटनमधले माझे चिनी घरमालक. इकडे परदेशात येऊन युनीत शिकताना मी दोन वर्षं त्यांच्या मागच्या खोलीत राहिले. अंगणातली संत्री उतरली की ते प्रत्येक साल तीन पाकळ्यांत अखंड सोलत आणि कपड्यांच्या दोरीवर चिमट्यांनी टांगत. माझ्या ओढण्यांना जागा उरत नसे. सोललेली संत्री परातीत केविलवाणी पडून असत. ती संपवायचं काम माझं. तरुणपणी ते गावाकडे औषधांच्या दुकानात कामाला होते, त्यामुळे अवघं जग त्यांना पेशंटच वाटे. पोट फुगो, कफ होवो, परीक्षा बिघडो, उपाय एकच, सालीचा कडू काढा. पाण्याचं मीटर वाचायला आलेला माणूस एकदा खोकला, तर त्याला ओट्यापाशी बसवून कपभर पाजला. "नो वरीज, मेट," म्हणत बिचारा पाणावल्या डोळ्यांनी पळाला. पुढच्या खेपेला त्याने रस्त्यावरच मनसोक्त खोकून घेतलं आणि मग फाटक उघडलं.

त्यांचा स्वतःचा खोकला मात्र हटत नव्हता. मी काढ्याची आठवण केली की म्हणत, "माय मेडिसिन नॉट रेडी येट."

माझी तिथली पहिली दिवाळी आली. आईने फोनवर विचारलं, "उटण्याला संत्र्याची साल मिळेल का गं तिकडे?" मला हसूच आलं. घरमालक डॉक्टरकडे गेले होते, म्हणून त्यांना फोन करून विचारलं. "टेक, टेक!" ते म्हणाले. फळ्यांवर चिनी अक्षरांच्या बरण्यांची रांग होती. ताज्या, नारिंगी सालींना हात लावायचा मला संकोच वाटला. वरच्या फळीवर एका बरणीत काळ्या पडलेल्या, चामड्यासारख्या साली होत्या. आपल्याकडे जुनं आधी संपवायची रीत. तेवढीच त्यांची अडगळ कमी होईल, अशा सद्भावनेने मी ती अख्खी बरणी मिक्सरमध्ये रिकामी केली.

परत आल्यावर त्यांनी बरणी पाहिली आणि ते खुर्चीत बसले. "ऑल?" एवढंच विचारलं. मग मला हळूहळू कळलं. त्यांच्या लेखी साल जितकी जुनी तितकी गुणी. आणि ती बरणी त्यांच्या बायकोने आजारी पडण्याआधी स्वतःच्या हाताने सोलून भरली होती. वीस वर्षं झाली की दोघांनी मिळून उघडायची, असं ठरलं होतं. ती गेली, तरी ते वीस वर्षं व्हायची वाट बघत होते. दोन वर्षं उरली होती.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. उटण्याची वाटी घेऊन मी रडत उभी राहिले. त्यांनी ती नाकाशी नेली, मग म्हणाले, "शो मी. हाऊ यू यूज?" मी चिमूटभर उटणं दुधात कालवून त्यांच्या मनगटाला लावलं. ते बराच वेळ हुंगत राहिले. "सेम स्मेल," ते म्हणाले. "हर हँड." त्या दिवशी त्यांनी तो हात धुतला नाही, भांडी मी घासली. उरलेलं उटणं त्यांनी पुन्हा त्याच बरणीत भरून वर ठेवलं. हळद, चंदन मिसळल्यावर त्याचा काढा काही होणार नव्हता.

घर सोडताना त्यांनी मला त्या हंगामातली एक बरणी दिली. "ट्वेंटी इयर्स," म्हणाले. "नो मिक्सर."

गेल्या हिवाळ्यात ते गेले, खोकल्यानेच. त्या सालींनी ते वाचले असते असं कुठलाही डॉक्टर म्हणणार नाही, हे मला कळतं. तरी ते मनातून जात नाही. त्यांची बरणी आता क्रेगीबर्नच्या माझ्या किचनमध्ये काळी पडत चालली आहे. "मम, कॅन वी चक धिस?" असं, ती कचऱ्याच्या डब्याकडे नेत, लेक अधूनमधून विचारते. मी ती आणखी वरच्या फळीवर सरकवते, आणि दिवाळीला उटण्याची पुडी दुकानातून आणते.