एल्कसाठी निवडलेले काडतूस

आज खंडेनवमीला मुलाने देवापुढे रायफल मांडली आणि बंदुकीच्या तेलाच्या वासाने मला बारा वर्षांपूर्वीच्या, इथल्या चँडलर गावातल्या बंदुकांच्या दुकानात नेले. एल्क या सांबराहून मोठ्या हरणाच्या शिकारीसाठी श्रीरंग हलक्या काडतुसाची रायफल निवडत होता. अशा गोळीने जनावर जखमी होऊन मैलोगणती पळते, असे दुकानदार बजावत होता.

"बाबा, हिला किक कमी आहे. शोल्डर दुखत नाही," श्रीरंग हसला.

माझा संताप अनावर झाला. "तुझा खांदा दुखू नये म्हणून त्या जिवाने तडफडत मरायचे? ती जड काडतुसाची घे!"

"वा! संध्या करणारे बाबा काडतूस सिलेक्ट करतायत!"

त्याने ऐकले. धर्म राखल्याच्या समाधानात मी घरी परतलो. आज तोच संताप माझ्यावर उलटला आहे. 'जाऊच नकोस' एवढे मला का म्हणता आले नाही?