चार नंबरच्या टेबलाची वायर

कराडजवळच्या एका कारखान्यात मी तपासनीस होते. सलाईन किती वेगानं जावं हे ठरवणाऱ्या यंत्रांची सर्किटं आम्ही जोडायचो. अंगात साठलेली वीज आपल्याला जाणवतही नाही, पण तेवढ्यानं त्यातली चिप मरते. कधी लगेच मरत नाही; तपासणीत पास होते आणि महिन्याभरानं दवाखान्यात बंद पडते. म्हणून प्रत्येक बाई मनगटाला पट्टा बांधायची. पट्ट्याची वायर टेबलाला, टेबलाची अर्थिंगला, म्हणजे अंगातली वीज जमिनीत उतरते. रोज सकाळी टेबलांखाली वाकून ती वायर जोडलेली आहे का ते बघायला मीटर लावायचा आणि तक्त्यावर सही करायची, हे माझं काम.

त्या हिवाळ्यात माझी कंबर धरली होती. मी वाकत नव्हते. सह्या मात्र करत होते.

चार नंबरच्या टेबलावर आटपाडीकडच्या मेंढपाळ घरातली एक सून बसायची. हात फार हलका, काम स्वच्छ. फेब्रुवारीत तिनं जोडलेली सर्किटं एकामागून एक बिघडून परत यायला लागली. मॅनेजरनं तिला सगळ्यांसमोर उभं केलं.

"पट्टा काढून काम करतेस ना?"

"न्हाई साहेब. एक दिवस बी काढला न्हाई."

"मग तुझ्या अंगातच करंट आहे म्हणायचं."

दोघं-तिघं हसले. तिनं माझ्याकडं पाहिलं. मॅनेजरनं तक्ता मागितला, मी दिला. टेबल रोज तपासल्याची माझी सही त्यावर होती. त्याच दिवशी तिचं काम गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चार नंबरखाली वाकले. अर्थिंगची वायर स्क्रूतून निसटून लोंबत होती. किती दिवसांची, कुणास ठाऊक. मी ती घट्ट केली आणि गप्प बसले. नोकरी जाईल ही भीती होती. दुसरं कारण नव्हतं.

वर्षभरानं ती कराड स्टँडवर भेटली. आपणहून जवळ आली.

"ताई, एक इचारू? माझ्या अंगात खरंच काय हाय का? सासू टीव्हीला हात लावू देत न्हाई. मला बी आता लय भ्या वाटतं. पोरीचा मोबाइल सुदिक धरत न्हाई मी."

मी तिला सगळं सांगितलं. वायर, सह्या, कंबर.

तिनं हातातली पिशवी खाली ठेवली. मग म्हणाली, "तुमाला कवा कळलं?"

"दुसऱ्याच दिवशी."

"मंग सांगायचं न्हाई व्हय?"

तिची विट्याची गाडी लागली. पिशवी उचलून ती चढली आणि पलीकडच्या खिडकीशी जाऊन बसली.

सोमवारी मी मॅनेजरला हे सगळं लेखी दिलं. "आता हे उकरून काय मिळणार?" तो म्हणाला. माझी बदली स्टोअरला झाली. तिला परत बोलवा, असंही मी लिहिलं होतं. त्यावर काहीच उत्तर आलं नाही.