टाक्यांना एकमेकींशी जोडणाऱ्या वत्सलाताई

आदरणीय वत्सलाताई गजभिये यांची आणि माझी पहिली भेट रायपूरच्या एका पंपघरात झाली. पाणीपुरवठ्याच्या कामावर मी नुकताच अभियंता म्हणून रुजू झालो होतो आणि ताई आमच्या प्रमुख होत्या. संध्याकाळी शहरातले पंप एकदमच सुरू झाले, तसा आमच्या डोक्यावरचा दिवा मंदावला.

"अविनाश, हे पंप आत्ताच काहून चालू केले?" ताईंनी विचारले.

"पाणी संध्याकाळी सोडतात म्हणून."

"सोडा ना संध्याकाळी. पण टाकी दुपारी भरून ठेवली तर? दुपारी सौर वीज भरपूर असते. अन् सारं शहर दिवे लावते, तेव्हाच आपण पंप चालवून राहिलो."

या विचारातूनच ताईंचे मोठे काम उभे राहिले. टाक्यांमधली पातळी मोजणारी यंत्रे, पंप आणि नियंत्रण कक्ष एका जाळ्यात जोडायचे. कुठे किती पाणी आहे आणि विजेवर किती भार आहे, हे पाहून पंप आपोआप चालतील. ताई फळ्यावर आकृती काढत गेल्या आणि आमचे चहा तसेच गार झाले. इतका आनंद मला नोकरीत पुन्हा क्वचितच मिळाला.

रायपूरच्या गुढियारी भागात मात्र लोकांना धास्ती वाटली. तिथे नळाच्या पाण्यावरच घरे चालतात. बैठकीत शकुनबाई नावाच्या गृहिणीने विचारले, "दीदी, तार टूट गई तो हमर पारा में पानी कौन देही?"

तार तुटली तर आमच्या मोहल्ल्याला पाणी कोण देणार, हा तिचा प्रश्न ताईंनी वहीत लिहून घेतला. परतताना गाडीत त्या म्हणाल्या, "बाईचं बरोबर आहे. सारी अक्कल एकाच खोलीत ठेवून कसं चालेल?" त्यांनी तयार आराखडा मोडला. संपर्क तुटला तरी प्रत्येक पंपघराने आपल्या टाकीकडे पाहून स्वतः निर्णय घ्यावा, अशी रचना केली. काम लांबले, वरिष्ठ नाराज झाले. ताईंनी ते सगळे शांतपणे ऐकून घेतले, पण माघार घेतली नाही.

चाचणीच्या दुपारी नियंत्रण कक्षात आम्ही पडद्यासमोर उभे होतो. टाक्या एकामागून एक भरू लागल्या आणि अचानक पडद्यावरून गुढियारी नाहीशी झाली. रस्त्याच्या खोदकामात तार कापली गेली होती. मी गाडीची किल्ली उचलली.

"थांब," ताई म्हणाल्या. "त्याच्यासाठीच तर केलं ना हे?"

त्यांनी शकुनबाईंना फोन लावला आणि पंपघरापाशी जाऊन पाहायला सांगितले. थोड्या वेळाने पलीकडून आवाज आला, "हव दीदी, पंप चलत हे." संध्याकाळी नळाला पाणीही आले. आम्ही टाळ्या वाजवत होतो. ताई पाठमोऱ्या होऊन डोळे पुसत होत्या.

कामात काटेकोर असलेल्या ताई माणसांशी फार मायेने वागतात. माझी आई समता कॉलनीतल्या दवाखान्यात होती, तेव्हा त्या रोज दुपारी डबा घेऊन येत. "तू घरी जाऊन आंघोळ करून ये. मी बसतो मावशीपाशी," एवढेच म्हणत. त्या दिवसांत त्यांनी कामाचा विषय एकदाही काढला नाही. माझी मुलगी त्यांना हिंदीत उत्तरे देते. ताई न रागावता मराठीतच पुढचा प्रश्न विचारतात. परवा तिने प्रथमच त्यांना म्हटले, "आत्या, मले पंपघर पाहाचं आहे." ताई तिला घेऊन गेल्यासुद्धा.

आज ताईंनी साठी गाठली. आता शेजारच्या बीरगावच्या टाक्या या जाळ्यात घ्यायच्या आहेत, रस्त्यांवरचे दिवेही जोडायचे आहेत, आणि त्यांच्याकडे आराखडे तयार आहेत. ताई, तुमची प्रकृती ठणठणीत राहो, पंपघरांचे जिने चढण्याचे बळ तुमच्या पायांत कायम असो. तुमच्या मनातले सारे शहर उभे राहिलेले तुम्ही डोळे भरून पाहावे आणि त्यानंतरही पुष्कळ वर्षे आम्हाला "काहून?" म्हणून विचारत राहावे.